‘एक नस कापावी लागेल म्हणतात…’

प्रश्न : माझे मिस्टर ४८ वर्षांचे, बसमध्ये कंडक्टर आहेत. सहा महिने झाले, रात्री दोन-अडीचला कंबरदुखीने उठतात आणि चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारतात. एमआरआयमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली, ‘श्वानोमा’ असावा म्हणे. गाठीबरोबर एक नस कापावी लागेल असं डॉक्टर म्हणतात. पाय लुळा पडेल का? गाठ परत आली तर?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, गॅलरीतल्या फेऱ्यांचं लिहिलंत ते बरं केलंत. गादी सरकली की आडवं पडल्यावर सहसा बरं वाटतं. या गाठीचं दुखणं मात्र पडल्यावर वाढतं, चाललं की उतरतं.

श्वानोमा ही नसेच्या आवरणातल्या पेशींची गाठ. बहुतेक वेळा साधीच, कॅन्सरची नव्हे. पक्कं मात्र पॅथॉलॉजीच्या रिपोर्टनंतरच म्हणायचं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. मिस्टरांची गाठ त्याच्याही खाली, सुट्या लोंबणाऱ्या नसांच्या जुडग्यात आहे.

तुमची खरी भीती नस कापण्याची. ही गाठ बहुधा एकाच धाग्यावर वाढते, आणि तो धागा सहसा संवेदनेचा असतो. ती इतकी सावकाश वाढते की त्याचं काम शेजारच्या नसांनी बरंचसं उचललेलं असतं. ऑपरेशनमध्ये मायक्रोस्कोपखाली त्या धाग्याला बारीक करंट देऊन पाहतात. पायाचा स्नायू हलला नाही, तरच तो कापतात. मांडीवर पुढच्या बाजूला थोडा बधिरपणा काहींना राहतो. पाय लुळा पडणं क्वचितच.

गाठ पूर्ण निघाली तर परत येणं विरळा. तुकडा राहिला तर तो पाच-दहा वर्षांनीही वाढू शकतो. एक बाई माझ्याकडे ऑपरेशननंतर नऊ वर्षांनी आल्या. जुन्या फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटलेल्या, ऑपरेशनचा कागद हरवलेला. तुकडा तेव्हाच राहिला होता की गाठ नव्याने आली, हे मला सांगता येईना. त्याची हळहळ अजून आहे. म्हणून ऑपरेशन नोट, पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी मागून घ्या, आणि ‘गाठ पूर्ण निघाली का?’ हे सर्जनना स्पष्ट विचारा. पुढचे एमआरआय त्यांनी सांगितलेल्या तारखांना कराच, दुखत नसलं तरी.

घरात कुणाला अशा गाठी असतील, तरुणपणी बहिरेपण आलं असेल किंवा मिस्टरांच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असतील, तर आधीच सांगा; मग संपूर्ण कण्याचा एमआरआय लागू शकतो.

आणि मधल्या काळात लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातला जोर गेला, तर ऑपरेशनच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.