दाराबाहेरच्या चपला

"मॅडम, क्लास लावू, डे-केअरमध्ये घालू की सरळ नोकरी सोडू? तेवढं सांगा." पर्स खाली ठेवायच्या आधीच त्यांनी प्रश्न टाकला. शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न घेऊन आठवड्याला एखादी तरी आई माझ्याकडे समुपदेशनाला येतेच. (बाबा क्वचित येतात. 'गाडी लावून येतो' म्हणून जे जातात ते तास संपल्यावर उगवतात.)

ही आई लालबागची. ओळख पटेल असे तपशील बदललेत. आपण तिला स्मिता म्हणू आणि मुलाला अथर्व. स्मिता एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नवरा बेस्टमध्ये कंडक्टर, ड्युटी फिरती. अथर्व अकरा वर्षांचा, सकाळची शाळा. तो दीडला घरी येतो, आई सातला. चाळ होती तोवर हा प्रश्नच नव्हता. आजी होती, आणि आजी बाजारात गेली तरी अख्खी गॅलरी होती. चाळ पाडली, काही वर्षं भाड्याच्या जागेत काढली, टॉवर उभा राहिला, चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. आजीला लिफ्टची भीती वाटायची, ती कणकवलीला निघून गेली. आता दुपारभर पोरगा एकटा. जेवण सिंकमध्ये ओतलेलं, पोटात दुखतं म्हणून शाळेला दांड्या, हातात मोबाइल. बेल वाजली तरी दार उघडत नाही.

"मजल्यावर कोण कोण राहतं?" मी विचारलं.

"चाळीतलेच आहेत बरेचसे. पण आता सगळ्यांची दारं बंद. आणि कुणाला त्रास कशाला द्यायचा? जो तो आपल्या व्यापात."

दुसऱ्या भेटीत अथर्व आला. बोलेना, म्हणून मी कागद-पेन्सिल दिली आणि त्याचा मजला काढायला सांगितलं. मला वाटलं, आठ चौकोन काढून मोकळा होईल. त्यानं दारं काढली आणि प्रत्येक दाराबाहेर चपला काढल्या. एका दाराशी चपलांच्या बाजूला काठी. "ते १४०६ मधले आजोबा. सुतळी घेऊन बसतात. त्यांचं दार थोडं उघडं असतं." १४०२ च्या बाहेर पट्ट्यांच्या सँडल, तिथून तीन वाजता शिलाई मशीनचा आवाज येतो. १४०८ ला मोठे बूट. "ते दादा रात्रपाळी करतात. उठले की कीबोर्ड वाजवतात. हेडफोन लावून वाजवतात, पण पायानं ठेका धरतात ना, तो भिंतीतून कळतो." १४०३ ला साडेचारला फोडणीचा वास.

बेल वाजली तरी दार न उघडणारा हा मुलगा दुपारभर दाराला कान लावून बसत होता.

मी तो कागद स्मितासमोर ठेवला. क्लास, डे-केअर, नोकरी हे प्रश्न बाजूला ठेवू म्हटलं, आधी या आठ दारांमागे कुणाला काय येतं ते बघू. अमेरिकेत शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन मॅकनाइट आणि जॉन क्रेत्झमन यांनी १९९३ साली ही पद्धत नीट मांडली. एखाद्या वस्तीत काय कमी आहे याची यादी सगळेच करतात, त्याऐवजी तिथल्या माणसांना काय येतं, जागा कुठे आहे, मंडळं-संस्था कोणत्या, याची यादी आधी करा. लालबाग-परळच्या गिरणगावाला खरं तर हे शिकागोकडून शिकायची गरज नव्हती. गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना बँका दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा त्यांचा स्वयंपाक हेच भांडवल मानून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आपल्याकडे हे होतंच. टॉवरमध्ये सामान हलवताना कुठेतरी राहून गेलं.

पण पहिला सल्ला माझा साफ चुकला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉर्म टाका, कोणाला काय शिकवता येईल ते विचारा, असं मी सुचवलं. चार अंगठे आले. एकानं "फी किती?" विचारलं. दुसऱ्यानं त्याच मेसेजखाली पाण्याची वेळ विचारली. एका काकांना वाटलं, स्मिता कमिटीच्या निवडणुकीला उभी राहतेय.

मग आम्ही पद्धत बदलली. ग्रुपवर काही टाकायचं नाही. अथर्वला घेऊन एका दारात जायचं, एकच छोटी गोष्ट मागायची, तीही त्यानं कागदावर टिपलेली. "तुम्हाला काय येतं?" हा प्रश्न तर विचारायचाच नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं: मला काही येत नाही.

१४०६ च्या आजोबांनी ते न विचारताच सांगितलं. "मला काय येतंय? साचाखात्यात होतो. साचे गेले, आमचं पण संपलं." साचे म्हणजे गिरणीतले माग. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले त्यांतले ते एक, तेव्हा ऐन पंचविशीतले. पुढची वर्षं वॉचमनकी. अथर्वनं थेट विचारलं, "तुम्ही सुतळीला काय करता?" आजोबांनी त्याला समोर बसवलं. दोन टोकं अंगठ्याखाली एकावर एक आडवी धरायची, एका धाग्याचा वेढा नखावरून फिरवायचा, दुसऱ्याचं टोक त्या फासात सारून ओढायचं. साच्यावर धागा तुटला की हीच गाठ मारायची, इतकी बारीक की कापडात दिसता कामा नये. आजोबांच्या हाताला ती मारायला श्वासाएवढा वेळ लागला. अथर्वला चार दिवस लागले.

१४०२ च्या मावशींकडे मात्र उलटंच झालं. त्या ब्लाउज शिवतात. स्मिता विचारायला गेली, याला बटण लावायला शिकवाल का? मावशी म्हणाल्या, "ते शिकवीन गं, पण आधी याला माझ्या सुया ओवून द्यायला सांग. डोळ्यांना दिसत नाही आणि सुनेला सकाळी वेळ नसतो." रोज तीन वाजता दहा-बारा सुयांत दोरा ओवायचा, रंगाप्रमाणे, आणि उशीत टोचून ठेवायच्या. पोटदुखी थांबली ती या कामापासून, असं माझं मत. मी मजल्यावरच्या सगळ्यांची यादी करायला लावली होती, त्यात अथर्वचं नावच नव्हतं. त्याला काय येतं, हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. तो मावशींना सुचला.

इथे स्मितानं जो प्रश्न विचारला तो प्रत्येक आईनं विचारावा. "मॅडम, भरवसा कुणाचा धरायचा?" मी खोटा धीर दिला नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याखालच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो. त्यामुळे 'आपलीच माणसं' हा निकष पुरत नाही. आम्ही ठरवलं: दार उघडं ठेवायचं. एकटा अथर्व नको, समोरची श्रावणी बरोबर. वेळ ठरलेली, तीन ते पाच. कुणी 'घरी सांगू नको' म्हणालं की तिथून उठायचं आणि सांगायचं, खाऊबद्दल असलं तरी. पहिल्या दोन-तीन वेळा स्मितानं सुट्टीच्या दिवशी स्वतः बसून पाहायचं. आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर अथर्वला पाठ पाहिजे. ती सेवा सुरू झाली १९९६ मध्ये, ती याच मुंबईत. हे नियम शेजाऱ्यांना सांगायला स्मिताला अवघड वाटत होतं. आजोबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मलाही पोर घरात घ्यायला धाकधूकच होती."

बाकीचं भराभर झालं. गणपती मंडळाची तळमजल्यावरची खोली उत्सव सोडला तर कुलपातच असते, आत कॅरम आणि ढोल. चावी १४०८ च्या दादाकडे निघाली. तो शनिवारी तास-दीड तास उघडतो, सहा-सात पोरं जमतात. १४०३ च्या वहिनींनी नाही म्हटलं, त्यांची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. नाही म्हणायचाही हक्क आहे त्यांना. मोबाइल सुटला का? नाही. पण दुपारी दोन तास तो घरी पडलेला असतो, कारण सुया ओवताना हात मोकळे लागतात.

नोकरी सोडायचा विषय स्मितानं पुन्हा काढला नाही. परवा आली ती नवा पेच घेऊन. मे महिन्यात आजोबा गावी राजापूरला चाललेत, पंधरा दिवस. अथर्वला बरोबर नेऊ का, विचारतायत. अथर्वनं बॅगही भरलीय. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. मीही 'पाठवा' म्हटलं नाही. राजापूरहून कणकवली फार लांब नाही, आजीला तिकडे बोलावता येईल का, एवढंच विचारलं. संध्याकाळी आजीला फोन करते म्हणाली.