पू दिसला, रिपोर्ट मात्र ‘नो ग्रोथ’: बीडीएस करू की मायक्रोबायोलॉजी?

पत्र: मी बारावी सायन्सला आहे. बाबांच्या खालच्या दाढेला गळू होऊन गाल सुजला. डेंटिस्टनी पू काढून लॅबला पाठवला, तर रिपोर्ट आला ‘नो ग्रोथ’. एवढा पू आम्ही डोळ्यांनी पाहिला, मग जंतू गेले कुठे? मला हेच शिकायचंय. घरचे म्हणतात बीडीएस कर, मला बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करावंसं वाटतं. काय करू?

उत्तर: जंतू पुवातच होते. बहुधा ते लॅबपर्यंत जिवंत पोहोचले नाहीत, किंवा त्यांना वाढता येईल अशी सोय तिथे नव्हती.

दाढेच्या मुळाशी होणाऱ्या गळवात सहसा एकटादुकटा जंतू नसतो. स्ट्रेप्टोकोकाय नावाचे जंतू तिथला ऑक्सिजन संपवतात आणि मग प्रिव्होटेला, फ्युजोबॅक्टेरियम, पार्विमोनास अशा ऑक्सिजन न सोसणाऱ्या जंतूंचं फावतं. पू कापसाच्या स्वॅबवर घेतला, नमुना दुपारभर टेबलावर पडून राहिला किंवा आधीच अँटिबायोटिक सुरू झालेलं असलं, तर यातलं एक कारणही त्यांना संपवायला पुरतं. शिवाय नेहमीच्या कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या प्लेट हवेतच ठेवतात आणि एक-दोन दिवसांत रिपोर्ट देऊन मोकळे होतात. नीट करायचं तर पू सुईने सिरिंजमध्ये ओढून, हवा लागू न देता लगेच पाठवावा लागतो. मग अ‍ॅनारोबिक जारमध्ये, म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या बंद डब्यात प्लेट ठेवून कित्येक दिवस थांबायचं. प्रिव्होटेलाच्या काही जातींच्या वसाहती ब्लड अगारवर (रक्त मिसळलेल्या वाढीच्या माध्यमावर) हळूहळू काळपट होत जातात आणि अतिनील प्रकाशात विटकरी लाल चमकतात. त्याच पुवाची ग्रॅम स्टेनने जंतू रंगवून केलेली स्लाइड मात्र काही मिनिटांत होते आणि दोन्ही टोकांना निमुळते फ्युजोबॅक्टेरियम तिथेच दिसू शकतात. लेवेनहूक या डच संशोधकाने १६८३ मध्ये दातांवरच्या थरातले जीव भिंगातूनच पाहिले होते. तोंडात आढळणाऱ्या ७०० च्या आसपास प्रजातींपैकी बऱ्याच आजही प्रयोगशाळेत वाढवता आलेल्या नाहीत. म्हणजे या विषयात काम भरपूर शिल्लक आहे.

आता कोर्सचं. बीडीएस इंटर्नशिपसह पाच वर्षांचं, त्याला नीट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर तीन वर्षांच्या एमडीएसमध्ये ओरल पॅथॉलॉजी अँड मायक्रोबायोलॉजी ही शाखा आहे. नावावर जाऊ नकोस: तिथला बराचसा वेळ गाठी आणि जखमांच्या बायोप्सीत, विशेषतः तोंडाच्या कॅन्सरच्या निदानात जातो, आणि नोकऱ्या मुख्यतः डेंटल कॉलेजांत शिकवण्याच्या. हे काम महत्त्वाचंच आहे, पण तू विचारलेला प्रश्न तो नाही. रुग्णाच्या तोंडात हात घालून दाढ काढायची, रूट कॅनाल करायचं, हे तुला मनापासून आवडणार असेल तरच बीडीएस घे. खासगी कॉलेजची फी भरून शेवटी लॅबमध्येच बसायचं असेल, तर तो फार लांबचा रस्ता आहे.

माझं मत बीएस्सीच्या बाजूने आहे. त्याला नीट लागत नाही. पुढे एमएस्सी कर, शक्यतो मेडिकल मायक्रोबायोलॉजी, जी काही वैद्यकीय महाविद्यालयांत तीन वर्षांची असते. तिथे रोज खरे नमुने हाताखालून जातात. संशोधनात जायचं तर नेट ही पात्रता परीक्षा देऊन पीएचडी. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात जिवंत जंतू ओळखून जपून ठेवण्याचं काम चालतं, ते माहीत असू दे. बाबांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांग: नुसत्या बीएस्सीवर सुरुवातीचा पगार बेताचाच मिळतो आणि रुग्णालयाच्या लॅबमध्ये शेवटचा शब्द एमडी झालेल्या डॉक्टरांचा असतो. एमडीसाठी आधी एमबीबीएस लागतं. नीटमध्ये तेवढे मार्क पडले, तर त्या वाटेचाही गंभीरपणे विचार कर.

या कामाची किंमत २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिली. कोविडनंतर वरच्या जबड्याचे दात अचानक हलू लागलेले, हिरडीतून पू येणारे रुग्ण डेंटिस्टकडे येत होते. केओएच हे रसायन टाकून केलेल्या साध्या स्लाइडवर म्युकर या बुरशीचे रुंद धागे दिसले की अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीनाशक औषधाची आणि शस्त्रक्रियेची तयारी लगेच सुरू करता येत होती.

फॉर्म भरण्याआधी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात परवानगी काढून एक दिवस बसून ये. वास, वाट पाहणं, त्याच त्या प्लेट पुन्हा पुन्हा तपासणं, हे सगळं बघ आणि मग ठरव.

आणि बाबांची ती दाढ काढली की रूट कॅनाल केलं, हे तू लिहिलेलं नाहीस. दोन्ही राहिलं असेल तर याच आठवड्यात डेंटिस्टकडे जा. पू काढला की सूज उतरते, पण आतला मेलेला गर तसाच राहिला तर गळू पुन्हा होतं, मग कितीही गोळ्या घेतल्या तरी. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी सूज आली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.