दिवसभर संगणकावर काम करताना डोळ्यांवरचा ताण कसा कमी करावा?
आठ-नऊ तास पडद्यासमोर बसल्यावर डोळे चुरचुरण्याचे एक मोठे कारण म्हणजे पापण्यांची मंदावलेली उघडझाप. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा लवणारी पापणी पडद्याकडे एकटक पाहताना बरेचदा निम्म्यावर येते आणि डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर सुकू लागतो. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि त्या वेळी पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्यात. पडदा हातभर अंतरावर, नजरेच्या किंचित खाली असावा. एसीचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये. निळा प्रकाश रोखणाऱ्या महागड्या चष्म्यापेक्षा, विशेषतः चाळिशीनंतर, डोळ्यांचा नंबर तपासून घेणे मला फार आवश्यक वाटते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्थाही तसे चष्मे सुचवत नाही.