११ केव्ही पॅनेलचा ब्रेकर बंद केला की आत हात घालणे सुरक्षित आहे का?

नाही. पॅनेलवरचा दर्शक ‘बंद’ दाखवत असला तरी बसबारवर (पॅनेलमधील मुख्य वीजवाहक पट्ट्यांवर) विद्युतदाब कायम असू शकतो आणि केबलच्या दुसऱ्या टोकाकडून उलटा पुरवठा येण्याची शक्यताही उरते. म्हणून ब्रेकरची ट्रॉली बाहेर काढून, शटरला (आतले संपर्क झाकणाऱ्या झडपेला) कुलूप लावून आणि वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी) हाती आल्यावर, त्या व्होल्टेजसाठीच्या डिटेक्टरने तिन्ही फेज तपासावेत. डिटेक्टर चालतो आहे याची खात्री तपासणीच्या आधी आणि नंतरही करावी, कारण बिघडलेला डिटेक्टरही ‘वीज नाही’ असेच सांगतो. अर्थिंग (वाहक जमिनीशी जोडणे) त्यानंतरच करावे. ब्रेकर चालवणारी चार्ज झालेली (ताण भरलेली) स्प्रिंग बरेच जण विसरतात. बोटे चिरडायला तिला वीज लागत नाही, तेव्हा यंत्रणेला हात लावण्यापूर्वी ती मोकळी करून घ्यावी.

पाहणीत इपॉक्सी इन्सुलेटरवर पांढरी भुकटी किंवा झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा दिसल्या, तर आंशिक विसर्जनाचा (पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनमध्ये किंवा त्याच्या पृष्ठभागावर होणाऱ्या बारीक विद्युत ठिणग्यांचा) संशय घ्यावा. नुसते पुसून पॅनेल पुन्हा चालू करू नये. इन्सुलेशनचा रोध ५ केव्हीच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने), तर ब्रेकरच्या संपर्कांचा रोध १०० अँपिअर डीसी सोडून मायक्रोओहममध्ये मोजावा आणि तिन्ही फेजचे आकडे एकमेकांशी व मागील नोंदींशी ताडून पाहावेत.