खाल्लेले अंगी का लागत नाही? वराहपालकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे 30 ते 40 किलो वजनाची सहा डुकरे आहेत. स्वयंपाकघरांतून गोळा केलेले उरलेले अन्न मी त्यांना दोन वेळा पोटभर घालतो. ती सगळे संपवतात, पोटे टम्म दिसतात, तरी पाठीचा कणा हाताला लागतो. जंताचे औषध देऊन झाले आहे. खाद्याचे प्रमाण वाढवावे काय?

उत्तर : हेच खाद्य आणखी घातल्याने फारसा फरक पडणार नाही, कारण आपल्या डुकरांच्या पोटात त्याला जागाच उरलेली नाही. उरलेल्या अन्नात साधारणपणे 70 ते 80 टक्के पाणी असते. म्हणजे दहा किलोची बादली रिकामी झाली तरी प्रत्यक्षात दोन-तीन किलोच कोरडा अंश पोटात जातो. डुकराला रवंथ करणाऱ्या जनावरांसारखे चार कप्प्यांचे पोट नसते, आणि त्याचे एककप्पी पोट पाण्याने व चोथ्याने भरले की गरज पुरी होण्याआधीच ते खाणे थांबवते. आपल्या जनावरांच्या वजनाचा विचार करता प्रत्येकाला रोज सुमारे दीड किलो कोरडे खाद्य मिळायला हवे. ते मिळते का, हे बादल्या मोजून नव्हे, तर खाद्याचा एक नमुना उन्हात पूर्ण वाळवून आणि वजन करून पाहावे.

दुसरी उणीव प्रथिनांची आहे. उरलेल्या अन्नात पिष्ट पदार्थ आणि तेल भरपूर असतात, मात्र वाढत्या डुकराच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने लागतात. त्यातही लायसिन हे अमिनो आम्ल सर्वांत आधी अपुरे पडते, कारण ते तृणधान्यांत फारच कमी असते, आणि ते कमी पडले की बाकीची प्रथिने असूनही मांस धरत नाही. म्हणून भरडलेला मका 60 भाग, सोयाबीन पेंड 22 भाग, कोंडा 15 भाग आणि खनिज मिश्रण अडीच भाग असे कोरडे मिश्रण करावे व प्रत्येक डुकरामागे रोज पाऊण ते एक किलो द्यावे. हे मिश्रण आधी खाऊ द्यावे आणि उरलेले अन्न, अडीच-तीन किलोपर्यंत, त्यानंतर घालावे. क्रम उलटला तर पोट पुन्हा पातळ अन्नानेच भरेल. पेंडीऐवजी घरचे सोयाबीन वापरायचे असेल तर ते नीट भाजून किंवा शिजवून घ्यावे, कारण कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधक द्रव्ये प्रथिनांचे पचनच अडवतात. बदल एकदम न करता आठ-दहा दिवसांत करावा.

या मिश्रणात मी मीठ मुद्दाम धरलेले नाही. एरवी खाद्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत मीठ घालतात, पण उरलेल्या अन्नात ते आधीच असते, आणि खारट खाद्याच्या जोडीला पिण्याचे पाणी कमी पडले तर डुकराला मिठाची विषबाधा होते. जनावर आंधळ्यासारखे फिरते, भिंतीला डोके टेकून उभे राहते, त्याला झटके येतात. पाण्याची तोटी तुंबली आणि दिवसभर कोणाच्या लक्षात आले नाही, एवढे कारणही पुरते. अशा तहानलेल्या जनावरापुढे एकदम भरपूर पाणी ठेवू नये; थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाजावे आणि तत्काळ पशुवैद्याला बोलवावे. पातळ अन्न मिळते म्हणून वेगळे पाणी नको, ही समजूत कृपया सोडून द्यावी.

आणखी एक गोष्ट आपण विचारली नसली तरी सांगणे भाग आहे. अनेक देशांत डुकरांना उरलेले अन्न घालण्यास बंदी आहे, तेव्हा आपल्याकडील नियम प्रथम पाहावा. परवानगी असल्यास सर्व अन्न ढवळत, खळखळ उकळी आल्यावर निदान अर्धा तास उकळावे आणि मांसाचे तुकडे आलेच तर वेगळे काढून टाकावेत. ब्रिटनमध्ये 2001 साली लाळ्या-खुरकुताची जी साथ आली, तिचा उगम नीट न उकळलेले उरलेले अन्न घालणाऱ्या एका वराहपालनात असल्याचे मानले जाते. त्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू तर खारवलेल्या किंवा गोठवलेल्या मांसातही महिनोन्महिने टिकतो.

प्रश्न : दूध तोडल्यानंतर चार-पाच दिवसांत पिल्लांना हगवण लागते. असे दर वेळी होते. दूध तोडण्याची पद्धत चुकते का?

उत्तर : पद्धतीपेक्षा पूर्वतयारी अपुरी पडत असावी. पिल्लाचे आतडे दुधातील साखर पचवण्यासाठी तयार असते. धान्यातील पिष्ट पचवण्याची क्षमता हळूहळू येते. त्यासाठी दुसऱ्या आठवड्यापासूनच, आईचे तोंड पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात, 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले मऊ खाद्य चिमूट-चिमूट ठेवावे आणि उरलेले रोज काढून टाकावे. उबदार जागा आणि खास तयार खाद्य नसताना तिसऱ्या आठवड्यात दूध तोडण्याची घाई करू नये. लहान वराहपालनात सहा ते आठ आठवडे थांबणे मला अधिक योग्य वाटते. त्या दिवशी पिल्लांना न हलवता मादीला दुसरीकडे न्यावे, खाद्य तेच ठेवावे, आणि पहिला आठवडा दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. उपाशी राहिलेले पिल्लू दुसऱ्या दिवशी अधाशासारखे खाते, आणि हगवण बहुधा तेथून सुरू होते. विष्ठेत रक्त दिसल्यास किंवा ताप असल्यास मात्र पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : पावसात भिजलेल्या मक्याला बुरशी आली आहे. वाळवून किंवा उकळून घातला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. उष्णतेने बुरशी मरते, पण तिने तयार केलेली विषे बहुतांशी तशीच राहतात. त्यांपैकी झिरॅलेनोनमुळे लहान माद्यांचे जननेंद्रिय सुजते आणि त्या माजावर आल्यासारख्या दिसतात. काही विषांमुळे डुकरे खाद्य नाकारतात किंवा ओकतात, तर अफ्लाटॉक्सिन यकृतावर आघात करते. गाभण माद्यांना आणि पिल्लांना हा मका चुकूनही घालू नये. पुढील मका ओलावा 13-14 टक्क्यांच्या खाली आल्यावरच पोत्यांत भरावा आणि पोती जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवावीत.