भावाची स्ट्रॉ काढून घेतली, आता करायचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा न राहणं) आहे, तो वाकणारी प्लास्टिकची स्ट्रॉ घरूनच नेतो, आणि परवा कॅफेवाल्याने 'बंदी आहे, आम्हाला दंड बसेल' म्हणून ती काढून घेतली, कागदी दिली, तिचा दहा मिनिटांत लगदा झाला आणि कॉफी सगळी शर्टावर. देश लिहिला नाहीत, म्हणून कुठेही उपयोगी पडेल असं सांगते.

आधी नियमात नेमकी कशावर बंदी आहे ते शब्दशः वाचा, अर्धी केस तिथेच असते. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2020 पासूनची बंदी स्ट्रॉ पुरवण्यावर आहे, आणि त्यातही कॅफेने मांडून ठेवायची नाही पण कुणी मागितली तर देता येते, मेडिकलमध्येही मिळते. घरून आणलेली वापरायला तिथे आडकाठीच नाही. भारतात मात्र 1 जुलै 2022 पासूनच्या बंदीत उत्पादन, साठा, विक्रीच्या जोडीला 'वापर' हा शब्द पण आहे, तिथे जरा जपून. तरी जप्ती करायची तर नेमलेला अधिकारी करेल ना, वेटरला कुणी दिला हा अधिकार?

दुसरी बाजू अपंग हक्कांची. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात वाजवी सोय (अपंग व्यक्तीसाठी फार बोजा न पडता करता येईल असा बदल) नाकारणं हाच भेदभाव धरलाय, भारताच्या 2016 च्या कायद्यातही तसंच आहे. करार सरकारला बांधतो, कॅफेला थेट नाही, म्हणून तक्रारीत तुमच्या देशाचा कायदाच लिहा. 'वाजवी' शब्दावरून वाद होणार हे धरूनच चला, पण स्वतःची स्ट्रॉ वापरू द्यायला कॅफेचा एक पैसा खर्च होत नाही, हे मी पहिल्या ओळीत लिहीन.

'मग स्टीलची घ्या की' हे उत्तर हमखास येणार. त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडून (बोलण्याबरोबर गिळण्याच्या अडचणीही तेच बघतात) पत्र घ्या, त्यात जबडा अचानक आवळला जातो, कडक नळीने दात-हिरड्यांना इजा होईल, कागदी भिजून तुकडा घशात जाऊ शकतो, असं भावाच्या बाबतीत जे खरं असेल ते स्पष्ट लिहून हवं. नुसतं 'अपंग आहे' एवढं सर्टिफिकेट इथे कमी पडतं.

मग कॅफेला ईमेल करा, कुठल्या नियमाने स्ट्रॉ काढून घेतली ते लेखी मागा (फोनवर बोलत बसू नका, नंतर सगळे नाही म्हणतात), पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर अपंग हक्कांचं काम बघणाऱ्या आयुक्ताकडे किंवा आयोगाकडे तक्रार. बिल आणि त्या शर्टाचा फोटो असेल तर जपून ठेवा.