शनिवारच्या क्रिकेटला जाण्याआधी

प्रिय पोरी,

मेसेज वाचला तुझा. नर्सिंगचं दुसरं वर्ष, वॉर्डातल्या ड्यूट्या, आणि त्यात क्लबवाल्यांनी विचारलंय की अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजांतल्या, मुलींच्या शनिवारच्या क्रिकेटला मदतीला येशील का. तू म्हणतेस मी आत्ता कुठे नाशिकहून अ‍ॅडलेडला आले, मी काय लीडरशिप दाखवणार त्यांना. अगं, दाखवायचीच नाहीये! लीडर तिथे आधीपासून आहेत, तू हाताशी म्हणून चाललीयस.

पण जायच्या आधी आंटी फेथ थॉमस यांच्याबद्दल वाचून जा (समाजातल्या मोठ्या, मानाच्या बायकांना इथे आंटी म्हणतात), कारण तुझ्यासारख्याच नर्स आणि तुझ्यासारख्याच फास्ट बोलर. त्या अद्न्यामाथन्हा या अ‍ॅबोरिजिनल समाजाच्या. 1933 साली साउथ ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेस डोंगरांमधल्या नेपाबन्नाला जन्म, वाढल्या क्वॉर्न गावच्या कोलब्रुक होम या अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या वसतिगृहात, तिथे पोरं हाताने बनवलेल्या बॅटीने खेळायची आणि बॉल म्हणजे दगड. रॉयल अ‍ॅडलेड हॉस्पिटलमधून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या काही अ‍ॅबोरिजिनल नर्सेसपैकी त्या एक, आणि बायकांचं क्लब क्रिकेट असतं हे त्यांना कळलं तेही कामावरच्या एका मैत्रिणीकडून. रनअप छोटासा पण बॉल सणसणीत, एका क्लब मॅचमध्ये तर एकही रन न देता सहा विकेट. 1958 ला मेलबर्नमध्ये इंग्लंडविरुद्ध टेस्ट खेळल्या, ऑस्ट्रेलियाकडून कुठल्याही खेळात उतरलेली पहिली अ‍ॅबोरिजिनल बाई. आणि बघ, ज्या देशासाठी खेळल्या त्याच्या राज्यघटनेत तेव्हा चक्क लिहिलेलं होतं की लोकसंख्या मोजताना या लोकांना धरायचं नाही. ते कलम गेलं 1967 च्या सार्वमतानंतर.

पुढे परदेश दौऱ्याची संधी आली तर त्यांनी नाही म्हटलं आणि नर्सिंगलाच धरून राहिल्या, लांबलांबच्या वस्त्यांवर आपल्या माणसांना तपासत फिरल्या. एकच टेस्ट खेळल्या म्हणून लोक हळहळतात, मला मात्र वाटतं त्यांचं खरं काम या फिरण्यातच आहे. आता बायकांच्या बिग बॅशमध्ये अ‍ॅडलेड स्ट्रायकर्स आणि पर्थ स्कॉर्चर्सच्या मुली त्यांच्या नावाच्या ट्रॉफीसाठी खेळतात. त्यांच्यानंतर बायकांमध्ये दुसरी अ‍ॅबोरिजिनल टेस्ट खेळाडू यायला 2019 उजाडलं, अ‍ॅशली गार्डनर, मुरुवारी समाजाची, जिला तू टीव्हीवर गुजरातकडून खेळताना बघितलंयस. 26 जानेवारी, म्हणजे इंग्रज इथे वसायला आले तो ऑस्ट्रेलिया डे, हा तिच्या लोकांसाठी दुःखाचा दिवस आहे, हे तिने 2023 मध्ये त्याच दिवशी मॅच ठेवलेली असताना जाहीरपणे सांगितलं. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन असतं, पण इथे कुणाला हॅपी ऑस्ट्रेलिया डे म्हणायच्या आधी थांबायचं.

आता तुझ्या कामाचं सांगते. इथल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांमध्ये कानाचं इन्फेक्शन खूप असतं, वारंवार होतं आणि ऐकू कमी येतं. म्हणून फाइन लेगला उभी असलेली मुलगी तुझ्या हाकेला वळली नाही तर आळशी म्हणू नकोस, दुर्लक्ष करतेय असंही समजू नकोस. तिच्या समोर जा, तोंड दिसेल असं उभी राहून बोल, हाताने खुणा ठरवून घ्या. काही जणींना रुमॅटिक हार्टसाठी, म्हणजे घशाच्या किंवा त्वचेच्या इन्फेक्शनमधून पुढे होणाऱ्या हृदयाच्या आजारासाठी, दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं आणि ते जाम दुखतं, त्या दिवशी पोरगी पळाली नाही तर स्कोअर लिहायला बसव, का पळत नाहीस ते सगळ्यांसमोर विचारायचं नाही. घसा दुखतोय, अंगावर फोड आलेत असं कुणी म्हणालं तर हलक्यात घेऊ नकोस, तिथल्या अ‍ॅबोरिजिनल हेल्थ वर्करला लगेच सांग, स्वतः औषध सुचवत बसू नकोस.

वस्तीत कुणी वारलं की सॉरी बिझनेस, म्हणजे त्यांचा दुखवटा, असतो, मग प्रॅक्टिस बंद, किती दिवस ते आंट्या ठरवतील. गेलेल्या माणसाचं नाव किंवा फोटो विचारल्याशिवाय कुठे टाकायचा नाही. आणि मुलींचे फोटो तर आईला न विचारता इन्स्टावर अजिबातच नको, कितीही गोड दिसू देत.

अजून एक, मुली येत नाहीत तेव्हा बऱ्याचदा कारण एवढंच असतं की आणायला गाडी नसते. आंट्यांना आधी विचार कुणाला कुठून घ्यायचंय, सीटा किती कमी पडतात, मग मला कळव. शनिवारी सकाळी माझी गाडी मोकळीच असते, मी येते.

तुझी,
ताई